बशीरचाचांनी न कापलेला धागा

बशीरभाई मिस्त्री यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्ताने निघणाऱ्या या अंकात बोन्साय मंडळातल्या जाणत्या मंडळींनी त्यांच्या झाडांबद्दल, त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल लिहिलेलं असणार. त्या रांगेत माझा लेख कशाला, हे मला माहीत नाही. मी मंडळाचा धड सभासदही नाही. इंजिनिअरिंगचं कॉलेज अर्ध्यात सोडलेला दर्यापूरचा मुलगा मी. माझ्याकडे झाड म्हणावं असं एकच झाड आहे आणि तेही सध्या चार बोटं उंच आहे. मंडळाच्या सचिव निंभोरकर मॅडम यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, नाव मी नाही सुचवलं, बशीरभाईंनीच सुचवलं. मी विचारलं, ते काय म्हणाले? मॅडम जरा अडखळल्या आणि मग त्यांनी चाचांचे शब्द होते तसे ऐकवले.

"त्या इंजिनेरले सांगा लिहाले. त्याले काई समजत नाई, म्हणून तो झालं तेवढंच लिहीन."

हा मान आहे की टोमणा, यावर मी दोन दिवस विचार केला. उत्तर मिळालं नाही. चाचांच्या बऱ्याच गोष्टींचं मला असंच होतं. तेव्हा झालं तेवढंच लिहितो. अर्थ लागला तर वाचणाऱ्यांनी लावावा आणि जमलं तर मलाही कळवावा.

चाचांची आणि माझी पहिली भेट गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी झाली. आमच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. दर्यापूरच्या पंपवाल्याने ती उघडून बघितली आणि बाबांना सांगितलं की ही अकोल्याला बशीर मिस्त्रींकडेच न्या. मग ओसरीवरच्या कुंडीकडे बघत मला म्हणाला, हे पण घेऊन जा, त्या माणसाला दोन्ही समजतं. म्हणून मी जीपमध्ये मोटर पायाशी आणि कुंडी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, झाडाले खिडकीत बसवतं का भाऊ, त्याले वारा लागन. सगळी जीप हसली. मी नाही हसलो. त्या कुंडीत माझं काय होतं ते जीपमधल्या कुणाला माहीत नव्हतं.

ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

झाड फायकसचं. दीड वीत उंच, अंगठ्याएवढं जाड खोड. झाड माझं नव्हतं, प्राचीचं होतं. प्राची आणि मी अमरावतीला एकाच वर्गात होतो. मी तिसऱ्या वर्षाला एका सरांशी शब्दाला शब्द लागल्यावर जर्नल टेबलावर आपटलं, बाहेर पडलो आणि पुन्हा गेलो नाही. ती शिकली, पास झाली, तिला पुण्याला नोकरी लागली. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही तिकडेच करायचं ठरलं होतं. त्यामुळे अमरावतीच्या घराला काही महिने कुलूप लागणार होतं. बसस्टँडवर तिने ही कुंडी माझ्या हातात दिली. म्हणाली, दिवाळीला घेऊन जाईन, तोवर सांभाळ.

कुंडीतल्या खोडाला धागा गुंडाळलेला होता, पांढरा, हळदीकुंकू लागलेला. प्राचीची आई दरवर्षी वटपौर्णिमेची पूजा घरी या झाडाचीच करते. फायकस हा वडाचाच भाऊबंद आहे, वडाभोवतीच्या गर्दीत दुखरे गुडघे घेऊन कोण उभं राहणार, असं त्यांचं म्हणणं. मी धाग्याला बोट लावलं तेव्हा प्राची म्हणाली, "सात फेरे आईचे आहेत. आठवा माझा. कोणासाठी ते विचारू नकोस."

बस निघून गेली. मी विचारलं नाही. आता सांगा, मी त्या धाग्याला कुणाचा हात लागू दिला असता का?

चाचांचं दुकान अकोल्याला जुन्या शहरात आहे. बाहेरून बघितलं तर नुसतं मोटर वाइंडिंगचं दुकान. दाराशी उघडलेल्या मोटरी, आत वार्निशचा वास, भिंतीला तारेची रिळं. वर गच्चीवर साठेक झाडं आहेत याची खालून शंकासुद्धा येत नाही. मी गेलो तेव्हा चाचा चष्मा कपाळावर चढवून एका पंख्याशी झटत होते. त्यांनी आधी मोटर घेतली. हाताने फिरवून बघितली, वास घेतला, बाबांना विजेचा दाब कमी-जास्त होत होता का विचारून घे म्हणाले. मला राग आला. मी म्हणालो, मोटर राहू द्या, आधी झाड बघा, ते मरून राहिलंय.

"मोटर तर मरून गेली," चाचा म्हणाले. "तिचं तुले काईच नाई वाटत?"

मग त्यांनी कुंडी उचलून नळाशेजारच्या सावलीत ठेवली आणि पुन्हा मोटरीकडे वळले. तासभर. मी उभाच. शेवटी त्यांनीच विचारलं की पानं कधीपासून पिवळी पडायला लागली. मी सगळं सांगितलं. झाड दर्यापूरला आणल्याबरोबर निम्मी पानं गळाली होती, म्हणून मी ते खिडकीतून ओसरीवर, ओसरीवरून गच्चीवर, गच्चीवरून कूलरसमोर असं हलवत होतो. पाणी दिवसातून तीनदा. शेणखत, गूळपाणी, आईने सांगितलं ते ताक. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की फायकसला जागा बदललेली आवडत नाही, रुसून पानं टाकते, तिला एका ठिकाणी गपचूप राहू द्यायचं असतं; पण आताचं दुखणं ते नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि खोडाकडे वाकले.

"हे कोणं बांधलं?"

मी म्हणालो, हात लावू नका. बोललो कसा ते लिहायची लाज वाटते. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाशी, त्यांच्याच दुकानात, पहिल्याच भेटीत. चाचांनी हात मागे घेतला. रागावले नाहीत. उलट त्यांनी नळावर हात धुतले, पुसले, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. कुणाची पूजा, कसली पूजा, हे विचारून घेतलं. मी प्राचीचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच वाक्यात नाव आलं.

धागा तीन महिन्यांत खोडात रुतला होता. पावसाळ्यात फायकस भराभर वाढते, तशी ती वाढली होती आणि धागा तिथेच होता. धाग्याच्या वर खोड फुगून आलं होतं, खाली तसंच बारीक राहिलं होतं. चाचांनी समजावलं की पानं वर जेवण तयार करतात, ते सालीतून खाली मुळांकडे जातं, इथे वाट बंद झाली, मुळं उपाशी आहेत. मला ते पटेना. अहो, वटपौर्णिमेला इतक्या बाया इतक्या वडांना धागे बांधतात, एकही वड मेलेला मी बघितला नाही. चाचांनी धाग्याचं लोंबणारं टोक नखाने वर केलं आणि म्हणाले, याला काडी लावून दाखवू का, तू म्हणशील तर. मी हो म्हणालो. त्यांनी काडी ओढली. टोक जळून राख झालं नाही. वितळून काळा मणी झाला.

"सूत नाई हे, नायलॉन आहे," ते म्हणाले. "दुकानदारानं सूत म्हणून देल्लं, बाईनं सूत म्हणून घेतलं. सूत राह्यलं असतं तं पावसात सडून आपोआप गळलं असतं. तो बांधलेला धागा कोणी काढत नाई, त्याचं त्यानंच गळा लागते. हे गळत नाई."

वाइंडिंगच्या कॉइली बांधायला ते सुती दोराच वापरतात, नायलॉन भट्टीच्या आचेत टिकत नाही, म्हणून त्यांच्या बोटांना फरक आधीच कळला होता. मग त्यांनी ड्रॉवरमधून बारीक कैची काढून माझ्यापुढे धरली.

"श्रद्धेनं बांधलेलं मी नाई कापत, राजा. तू काप. झाड वाचते."

मी कैची घेतली. धाग्यापर्यंत नेली. आठ फेरे एकमेकांत असे दबले होते की सात कुठले आणि आठवा कुठला ते कळत नव्हतं. मी कैची परत दिली आणि म्हणालो, मी पण नाही कापत.

इथे कुणीही शहाणा माणूस मला हाकलून देईल. एका धाग्याचा प्रश्न, झाड धडधाकट वाचत होतं. चाचांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग विचारलं, शिक्षण कुठवर? मी सांगितलं. "म्हणजे अर्धा इंजिनेर," असं म्हणून त्यांनी कैची ड्रॉवरमध्ये ठेवली आणि आतल्या घराकडे तोंड करून चाचींना चहा टाकायला सांगितलं. तेव्हापासून मी इंजिनेर. कैची का ठेवली, मला समजावलं का नाही, हे मी पुढे अनेकदा विचारलं. दरवेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा तर म्हणाले, त्या दिवशी चहाची वेळ झाली होती.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी गुटी बांधली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाग्याच्या दोन बोटं वर, फुगलेल्या भागात, त्यांनी सालीचं एक कडं काढलं. पांढरा चीक वाहिला तो ओल्या फडक्याने टिपला. मग त्याभोवती ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, बांधून वरून प्लास्टिक गुंडाळलं. तिथे मुळं फुटली की त्या मुळांच्या खालून झाड कापायचं. वरचा भाग स्वतःच्या मुळांवर नवं झाड होईल. खाली धागा बांधलेला बुंधा राहील, तो फुटला तर फुटला. म्हणजे धागाही राहणार होता आणि झाडही. एकाऐवजी दोन होण्याची शक्यता होती, आणि एकही न राहण्याची पण होती. ही दुसरी शक्यता चाचांनी तीनदा बोलून दाखवली.

झाड अकोल्यालाच राहिलं आणि मी दर रविवारी दर्यापूरहून जायला लागलो.

आता चाचांच्या कामाबद्दल. आपल्या मंडळातल्या बहुतेकांच्या झाडांच्या फांद्या ज्या तांब्याच्या तारेने वळवलेल्या आहेत ती तार चाचांनी दिलेली आहे, हे आपण जाणता. ती तार जळालेल्या मोटरींची असते. जळकं वाइंडिंग आगीत घालून मोकळं करतात, काळी तार ओढून काढतात, घासतात. नवी तार ताठ असते, वाकवली की परत उसळते, सालीला घासते. आगीतून निघालेली मऊ पडते. फांदीवर फिरवली की पहिल्यांदा म्हणाल तशी वळते आणि वळल्यावर कडक होते, फांदीला धरून ठेवते. मी आमच्या मोटरीची तार ओढताना चाचा सांगत होते, जळलेली तार कवळी असते, पण एकदाच. दुसऱ्यांदा वाकवायला गेलं की तुटते. हे ते तारेबद्दलच सांगत होते असं मी धरून चालतो. आमच्या त्याच मोटरीची तार पुढे प्राचीच्या झाडाच्या दोन फांद्यांवर चढली.

वाइंडिंगमध्ये फेरे मोजावे लागतात. एक फेरा कमी पडला की मोटर गरम होते. चाचा मोजताना ओठ हलवत नाहीत, कुणी बोललं तर उत्तर देत नाहीत, पण फेरा चुकत नाही. मी तिसऱ्या रविवारी गंमत म्हणून एक कॉइल गुंडाळली आणि मध्येच प्राचीचा विचार आला. चाचांनी कॉइल हातात घेतली, वजन बघितल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाले, तीन फेरे कमी आहेत. मी उलटी मोजली. तीनच. झाडांना पाणीही ते असंच देतात. वेळापत्रक नाही. कुंडी उचलून बघतात, हलकी लागली तर पाणी, जड लागली तर पुढची कुंडी. साठ कुंड्या, रोज, पंचाहत्तराव्या वर्षी. रोजे असले तरी उन्हात गच्चीवर तेच, स्वतःच्या घशाला कोरड असताना. मे महिन्यात त्या गच्चीवर पाय ठेवता येत नाही. तेव्हा ते दुपारभर ओली पोती टाकतात आणि चाची खालून ओरडतात की माणसावर पण एक टाका.

ऑक्टोबरात प्राचीचा फोन आला. दिवाळीला नाही जमत, आईचा व्यायाम चालू आहे, आता संक्रांतीला बघू. हे "बघू" माझ्या डोक्यात गेलं. मी रविवारची वाट न बघता मंगळवारीच अकोल्याला गेलो. चाचा नमाजाला गेले होते. मी सरळ गच्चीवर चढलो आणि गुटीचं प्लास्टिक सोडलं. मुळं आलीत की नाही ते मला त्या क्षणी कळायला हवं होतं. मॉस बाजूला केलं. मुळं होती. पांढरी, दोऱ्यासारखी, पाच-सहा. मॉसबरोबर त्यातली चार माझ्या हातात आली.

चाचा आले तेव्हा मी तसाच बसलो होतो. मला वाटलं आज नक्की मार पडणार, आणि पडायला हवा असंही वाटलं. त्यांनी माझ्या हातातली मुळं घेतली, एकेक बघितली, खिशातल्या रुमालात ठेवली. का ठेवली? तुटलेल्या मुळांचं काही होत नाही. गुटी परत बांधली, पाणी शिंपडलं, म्हणाले, अजून सहा हप्ते. मग मला घेऊन गच्चीच्या कोपऱ्यातल्या उंबरापाशी गेले. आपल्यापैकी ज्यांनी ती गच्ची बघितली आहे त्यांना तो उंबर माहीत असेल. त्याच्या डाव्या फांदीत तांब्याची तार पूर्ण आत गेलेली आहे, फक्त दोन टोकं बाहेर दिसतात. ते त्यांचं पहिलं झाड. तार चढवल्यावर चाचींना तीन महिने दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. चाचा तिकडेच होते. परत आले तेव्हा फांदीने तार गिळलेली.

मी म्हणालो, मग ही फांदी कापून का नाही टाकली, प्रदर्शनात याला कोण विचारेल?

"मीच विसरलो, फांदीचा काय गुन्हा," चाचा म्हणाले. मग जिन्याकडे जाता जाता, "तू आज विसरला नाई, तुले घाई झाली. ते जास्त खराब. चाल, एक कॉइल गुंडाळ."

त्या दिवशी मी पूर्ण कॉइल गुंडाळली. फेरे बरोबर निघाले. चाचींनी जेवू घातलं, ताटात दोन वेळा भाकरी वाढली, आणि मला विचारलं की ती पोरगी खरंच आहे का तू मनानेच बनवली आहेस. चाचा जेवताना हसत नाहीत, त्या दिवशी हसले.

त्यांच्या स्वभावाची आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. नोव्हेंबरात अमरावतीला मंडळाचं प्रदर्शन झालं, तेव्हा कुंड्या उतरवायला मी होतो. चाचांच्या पिंपळासमोर कुणीतरी उत्साहाने पाटी लावली होती, वय पन्नास वर्षे. लोक पाटी वाचून हात जोडत होते. चाचांनी पेन मागून घेतलं, पन्नास खोडलं आणि खाली लिहिलं: "माझ्यापाशी बावीस वर्षं. त्याच्याआधी कोणापाशी होता, माहीत नाही." मॅडम म्हणाल्या, बशीरभाई, कोण तपासायला येणार आहे? चाचा म्हणाले, झाड येणार नाई, पण मले रोज त्याच्यासमोर जा लागते. पिंपळाला त्या वर्षी काही मिळालं नाही. चाचांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटलं. मी परीक्षकांशी बोलायला निघालो होतो, चाचांनी मला कॉलरला धरून टेम्पोत बसवलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला गुटी उघडली. मुळं प्लास्टिकला टेकली होती, पांढऱ्याची तांबूस झाली होती. चाचांनी करवत माझ्या हातात दिली, मी त्यांना परत दिली, त्यांनी पुन्हा मला दिली. शेवटी मी कापलं. धाग्याच्या वर, नव्या मुळांच्या खाली. दहा-बारा ओढीत झालं. वरचं झाड चाचांनी उथळ कुंडीत लावलं. जुन्या कुंडीत उरला चार बोटांचा बुंधा, एक पान नाही, तीन बोटांवर धाग्याचे आठ फेरे. खुंटीसारखा दिसत होता. मी विचारलं, जगेल का? चाचा म्हणाले, मोटर असती तर सांगितलं असतं.

संक्रांतीला प्राची आली. तिळगूळ घेऊन, एकटी, अमरावतीहून बसने थेट अकोल्याला; झाड तिथे आहे एवढंच मी तिला फोनवर सांगितलं होतं. मला दुकानात बघून म्हणाली, तू बारीक झालास. इतके महिने मी तयार केलेलं सगळं पार पुसलं गेलं. चाचांनी दोन्ही कुंड्या बाकावर मांडल्या होत्या. वरच्या झाडाला नवी हिरवी पानं, दोन फांद्यांवर आमच्या मोटरीची तार. शेजारी तो बुंधा. चाचांनी तिला सगळं सांगितलं, धागा कसा रुतला, नायलॉन कसं निघालं. माझं मुळं तोडणं मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं. ती ऐकत होती आणि बोट धाग्यावर होतं.

"कापला का नाहीस?" तिने मला विचारलं. चाचांना नाही, मला.

मी म्हणालो, आठवा कुठला ते कळत नव्हतं.

चाचा एकदम उठून मोटरीकडे गेले, त्या मोटरीला काहीही झालं नव्हतं. थोड्या वेळाने प्राचीने वरच्या झाडाची कुंडी उचलून मांडीवर घेतली. "हे मी नेते," ती म्हणाली. मग बुंध्याची कुंडी माझ्याकडे सरकवली. "हे तुझ्याकडे राहू दे."

झालं. एवढंच. घरी तिच्यासाठी मुलं बघायला लागलेत हे तिने त्याच दिवशी चाचींना सांगितलं, मला नाही. वर्षभर थांबा असं घरी सांगितलंय, हेही चाचींनाच सांगितलं. चाचींनी मला सांगितलं. कशासाठी थांबा, ते चाचींना माहीत नाही. निघताना चाचा तिला म्हणाले, बेटा, दोन महिन्यांनी तार काढ, उलटी फिरवायची नाही, कातरून तुकडे तुकडे करून काढायची, नाहीतर साल सोलते. ती हो म्हणाली आणि त्यांच्या पाया पडली. चाचा गडबडले. मी त्यांना असं तेव्हाच एकदा बघितलं.

मी बुंधा दर्यापूरला आणला. ओसरीच्या एका कोपऱ्यात ठेवला, तेव्हापासून हलवला नाही. कुंडी उचलून बघतो, हलकी लागली तर पाणी. फेब्रुवारी गेला, काही नाही. बाबा म्हणायचे, ते चुलीत घाल. होळीच्या चार दिवस आधी धाग्याच्या खाली सालीवर लाल टोक दिसलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूने दुसरं. मी तसाच अकोल्याला निघालो, कुंडी न हलवता फक्त फोटो घेऊन. चाचांनी फोटो मोठा करून बघितला. धाग्याच्या वरचं टोक आता वाळेल, म्हणाले, आणि एक दिवस धाग्यासकट आपोआप गळून पडेल. कोणी कापायची गरज नाही. माझ्या डोक्यात काहीतरी हललं. पहिल्याच दिवशी त्यांना हे दिसत होतं का? मी विचारलं. ते म्हणाले, मले काय माहीत, झाड माह्यं हाये का.

प्राची दर रविवारी तिच्या झाडाचा फोटो पाठवते. सोबत एक शब्द नसतो. मी माझ्या बुंध्याचा पाठवतो. मीही काही लिहीत नाही, कारण लिहायला लागलो की मी काय लिहीन ते मला माहीत आहे. मार्चअखेरीच्या फोटोत फांद्यांवरची तार नव्हती. तुकडे तुकडे करून नीट काढलेली, सालीवर वळ उमटले नव्हते. मी तो फोटो घेऊन चाचांकडे गेलो. म्हटलं, चाचा, याचा अर्थ काय?

"अर्थ?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "वेळेवर काढली. पोरीचा हात चांगला हाये."

इंजिनेर म्हणून हिणवत हिणवत त्यांनी मला वाइंडिंग शिकवलं हेही इथे सांगायला हवं. आता मी दर्यापूरला पंपवाल्याच्या दुकानात बसतो, सोप्या मोटरींची तार मीच भरतो, अवघड असल्या की अकोल्याला जातो. कॉलेजात परत जायचं का, हे एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, गेला तर फेरे मोजता येतील तुला आता. जा असंही नाही म्हणाले, नको असंही नाही. परीक्षेचा अर्ज माझ्या बॅगेत आहे, अजून भरलेला नाही.

गौरवलेखात शेवटी शतायुषी व्हा असं म्हणतात. मी चाचांना तसं म्हणायला गेलो होतो, तालीम म्हणून. ते म्हणाले, शंभर कशाला, कामाचं सांग. मग मी कामाचं विचारलं. माझ्या बुंध्याला दोन कोंब आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही ठेवले तर झाड बेचक्यासारखं होईल, एक कापायचा तर कुठला? चाचांनी सांगितलं, आता बघायचंही नाही. दोघांना वाढू दे. खोड जाड व्हायलाच दहा वर्षं लागतात, मग फांद्यांना पाच. तेव्हा ठरवू. ते "ठरवू" म्हणाले, ठरव नाही म्हणाले, हे मी नीट ऐकलं आहे. चाचीही साक्षीला होत्या, त्या म्हणाल्या, मग राहा लागन तुमाले, पोराले शब्द देल्ला.

पंचाहत्तर आणि पंधरा, नव्वद. माझी शुभेच्छा एवढीच आणि ती अगदी मतलबाची आहे. चाचांचे हात असेच हलके राहोत, कुंडी उचलताच पाणी कळावं एवढे. गुडघे गच्चीचा जिना चढत राहोत, डोळ्यांना कॉइलचे फेरे दिसत राहोत, चाचींचा खालून आवाज येत राहो. नव्वदीला मी कुंडी मांडीवर घेऊन जीपने येईन. सोबत कोण असेल, ते मला आज माहीत नाही. पण चाचा, डावा ठेवायचा की उजवा, हे तोवर मी कुणालाच विचारणार नाही.